पायी नर्मदा परिक्रमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिक्रमेला निघायचं मनात आलं की प्रश्नांची रांग लागते. ते साधारण ज्या क्रमाने पडतात, त्याच क्रमाने इथे घेतले आहेत. जिथे एका ओळीत भागतं तिथे एकच ओळ लिहिली आहे. शूलपाणीची झाडी (बडवानीनंतरचा सातपुड्यातला डोंगराळ टप्पा), समुद्रातला प्रवास आणि आश्रमातलं वागणं यांवर मात्र मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे, कारण नवख्यांची गडबड बहुधा तिथेच होते.

परिक्रमा म्हणजे नेमकं काय करायचं?

नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही तटांनी चालत पूर्ण फेरी घालायची. अमरकंटकला उगमाला वळसा घालायचा, भरूचच्या पुढे नदी खंभातच्या आखाताला मिळते तिथे नावेतून दुसऱ्या तटावर जायचं आणि जिथून निघालो तिथे परत यायचं. निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंत मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. बाकीचे बहुतेक नियम या एका नियमातून निघतात.

एकूण किती चालावं लागतं?

नदीची लांबी १३१२ किलोमीटर. त्यातले १०७७ किलोमीटर ती मध्य प्रदेशातून वाहते. पुढे ३५ किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची, मग ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा होते. शेवटचे १६१ किलोमीटर गुजरातचे. दोन्ही तट धरले की सरळ हिशोबानेच २६०० किलोमीटरच्या पुढे जातं. प्रत्यक्षात वाट नदीच्या काठाने सलग नाही. ओढे, उपनद्या आणि धरणांचे फुगवटे यांना वळसे घालावे लागतात, त्यामुळे तीन हजार किलोमीटर धरून चाललात तर फसणार नाही. कोण किती किलोमीटर चाललं यावर परिक्रमावासींत चर्चा होतात, पण दोन माणसांचा आकडा कधी जुळत नाही, कारण दोघांची वाट एक नसते.

तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस हा हिशोब कुठला?

ती परंपरेने सांगितलेली मुदत आहे. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी राहून उपासना करायची, आणि उरलेल्या काळातही घाई न करता तीर्थं घेत पुढे सरकायचं, असा तो क्रम. साधू मंडळींत आजही असे चालणारे भेटतात. गृहस्थाश्रमी माणसं मात्र बहुतेक चार ते सहा महिन्यांत एकसलग परिक्रमा पूर्ण करतात. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह ३० सप्टेंबर २०१७ला बरमान घाटावरून निघाले आणि ९ एप्रिल २०१८ला तिथेच परतले. सहा महिन्यांहून थोडा जास्त काळ झाला. ही गती शरीराला मानवणारी आहे.

तीन महिन्यांत होईल का?

होते, लोक करतात. रोज तीस-पस्तीस किलोमीटर डांबरी रस्त्याने चालून करतात. सुट्टी तेवढीच असेल तर माझा सल्ला असा की अर्धी परिक्रमा नीट करा आणि उरलेली पुढच्या वर्षी घ्या. डांबरी रस्त्यावरून ट्रकच्या बाजूने मान खाली घालून चालत राहिलात, तर नदी दिवसचे दिवस दिसतही नाही.

कधी निघावं?

प्रबोधिनी एकादशीनंतर, बहुतेक जण कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे. पावसाळ्यात उपनद्या भरलेल्या असतात, काठाची काळी माती पाय धरून ठेवते, म्हणून चातुर्मासाचा नियम धार्मिक असला तरी व्यवहारालाही धरून आहे. ओंकारेश्वरहून नोव्हेंबरच्या मध्यावर निघालात तर थंडीत शूलपाणी, पौष-माघात गुजरात आणि साधारण मार्चमध्ये अमरकंटक असं गणित बसतं. उरतो तो परतीचा दक्षिण तट, आणि एप्रिलमध्ये होशंगाबाद-हरदा भागात पारा चाळिशीपार जातो. त्या टप्प्यात पहाटे निघून दहा-साडेदहाला सावली गाठायची आणि संध्याकाळी पुन्हा थोडं चालायचं.

नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीला असते. त्या दिवशी एखाद्या मोठ्या घाटावर असाल तर चाल थांबवा आणि तिथेच राहा.

सुरुवात कुठून करावी?

कुठूनही करता येते. बरमान, ग्वारीघाट, नेमावर, होशंगाबाद (आता नर्मदापुरम), अमरकंटक, सगळीकडून लोक परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. महाराष्ट्रातले बहुसंख्य लोक ओंकारेश्वर निवडतात, कारण खंडवा किंवा इंदूरपर्यंत गाडीने जाऊन पुढे बसने तिथे पोहोचणं सोपं आहे, आणि दक्षिण तटावर ममलेश्वराजवळ संकल्प सोडण्याची सगळी व्यवस्था आहे.

ओंकारेश्वरहून निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. ज्योतिर्लिंगाचं मंदिर मांधाता बेटावर आहे. संकल्प सोडला की पूल ओलांडून बेटावर जाता येत नाही, कारण तो प्रवाह नर्मदेचाच. म्हणून ओंकारेश्वराचं दर्शन संकल्पाच्या आधी घ्या, नाहीतर ते काही महिन्यांनी, परिक्रमा पुरी झाल्यावरच. परंपरेत तर ते शेवटीच घ्यायचं असतं, मैयाचं म्हणजे नर्मदेचं जल त्याला वाहून.

नदी ओलांडायची नाही, मग उपनद्यांचं काय? बेटांचं काय?

उपनद्या ओलांडायच्याच. तवा, शेर, शक्कर, दुधी, बंजर, हिरण, ओरसंग, करजण या सगळ्या वाटेत येतात. हिवाळ्यात काहींतून गुडघाभर पाण्यातून जाता येतं, काहींवर पूल आहेत. धरणातून पाणी सोडलं की कोरडी वाटणारी नदीही तासाभरात भरते, त्यामुळे उतरण्याआधी गावात विचारा.

बेटं वर्ज्य. भरूचजवळचं कबीरवड बेटावर आहे, सरदार पटेलांचा पुतळा ज्या साधू बेटावर उभा आहे तेही बेटच. ही ठिकाणं वेगळी सहल काढून पाहावीत. स्नान करतानाही पोहत आत जायचं नाही, काठावरच उतरायचं. त्यामागे नियम आहे आणि जिवाची काळजीही: धरणांमुळे पाण्याची पातळी अचानक बदलते आणि काही डोहांत मगरी आहेत. रोज नव्या घाटावर आंघोळ असते, म्हणून रोज आधी गावकऱ्यांना विचारायचं की कुठे उतरायचं.

वाटेवर खुणा असतात का? प्रदेश कसा आहे?

काही ठिकाणी झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण आणि ‘नर्मदे हर’ रंगवलेलं दिसतं. सगळीकडे नाही. मुख्य खूण म्हणजे माणूस. ‘नर्मदे हर’ म्हटलं की शेतातला माणूस काम थांबवून हाताने वाट दाखवतो.

ओंकारेश्वरहून पश्चिमेला निघालात की आधी निमाड लागतो: सपाट काळी जमीन, कापूस, मिरची, गहू, ओळीने गावं आणि दर चार-पाच किलोमीटरवर कुणीतरी चहाला थांबवणारं. खरगोन जिल्ह्यातल्या बकावाँला नर्मदेतल्या दगडाची शिवलिंगं घडवतात, घराघरांतून घासण्याचा आवाज येत असतो. पुढे भट्याणला सियाराम बाबांचा आश्रम. दहा रुपयांपेक्षा जास्त दक्षिणा ते घेत नसत आणि परिक्रमावासींना स्वतः चहा देत. ११ डिसेंबर २०२४ला ते गेले. नावडातोडीला पोहोचलात की पलीकडे महेश्वरचा किल्ला आणि अहिल्याबाईंचे घाट समोर दिसतात. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ, पण तिथे पोहोचायला अजून बरेच आठवडे आहेत. नावडातोडी स्वतःही महत्त्वाची आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५२-५३मध्ये इथे उत्खनन सुरू केलं आणि नर्मदाकाठच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती जगापुढे आणली. बहुतेक परिक्रमावासी ते टेकाड न बघता पुढे जातात, याची मला फार हळहळ वाटते.

बडवानीनंतर सातपुडा सुरू होतो. डोंगर, पळस, मोह, विरळ वस्ती. गुजरातेत राजपिपळ्याच्या पुढे पुन्हा मैदान, केळी आणि ऊस. हांसोटच्या पुढे जमीन खारी होते, झाडं खुजी होतात, विहिरीचं पाणी मचूळ लागतं. तिथे समुद्राचा वास आधी येतो आणि समुद्र नंतर दिसतो.

उत्तर तटावर भरूच, शुक्लतीर्थ, मालसर, चांदोद, तिलकवाडा अशी तीर्थांची माळ आहे. गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबेस्वामी १९१४मध्ये समाधिस्थ झाले. मराठी माणसाचे पाय तिथून लवकर निघत नाहीत. मग कवांट, कुक्षीकडचा डोंगराळ भाग, धरमपुरी, मांडूचं रेवाकुंड, महेश्वर, मंडलेश्वर. नेमावरला सिद्धनाथाचं प्राचीन मंदिर. हे नदीचं नाभिस्थान मानतात, म्हणजे उगम आणि समुद्र यांच्या मधोमध. सीहोर जिल्ह्यात हथनोरा हे साधं खेडं लागतं. १९८२मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अरुण सोनकिया यांना तिथे नदीच्या थरांत आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. ज्या काठाने आपण चालतो त्या काठाने माणूस किती जुन्या काळापासून चालतो आहे हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

जबलपूरला भेडाघाट. संगमरवराच्या कड्यांमधून अरुंद झालेली नदी आणि तिच्या वर धुवांधार धबधबा. तिथून पुढे मंडला, दिंडोरी, आणि मैकल डोंगरातलं सालाचं जंगल. अमरकंटक समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटरवर आहे. भरूचला जिचा दुसरा काठ धूसर दिसतो, ती नदी इथे लहान मूल उडी मारून पार करील एवढी होते, आणि तरी नियम तोच: ओलांडायची नाही. माई की बगियाला वळसा घालून दक्षिण तटावर यायचं. पलीकडे सोनमुडाहून सोन नदी निघते आणि ती गंगेला जाते. शेजारच्या दोन उगमांची पाणी देशाच्या दोन टोकांना जातात.

धरणांमुळे वाट बदलली म्हणतात, ते कितपत खरं?

पूर्ण खरं. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यांखाली जुनी काठाची वाट, घाट, मंदिरं आणि गावं गेली. इंदिरा सागरमुळे २००४मध्ये हरसूद हे आख्खं शहर हलवावं लागलं. सरदार सरोवराचं पाणी भरलं की दोनशे किलोमीटरहून वर पसरतं. शूलपाणेश्वराचं मूळ मंदिर त्यात गेलं, नवं मंदिर गोऱ्याला आहे. जुन्या पुस्तकांतली वर्णनं वाचून तीच वाट शोधत गेलात तर पाण्यापाशी येऊन थांबाल. फुगवट्याच्या भागात वाट काठापासून कित्येक किलोमीटर आत जाते आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे वर्षावर्षाला बदलते. ताजी माहिती मागच्या मुक्कामाच्या आश्रमात मिळते.

शूलपाणीची झाडी सुरक्षित आहे का? लुटतात ना?

पूर्वी लुटत. परिक्रमावासी अंगावरच्या वस्त्रानिशी बाहेर पडत आणि तेही परीक्षेचा भाग मानत. आता तसं राहिलेलं नाही. भिल्ल आणि पावरा कुटुंबं (परिक्रमावासी त्यांना ‘मामा’ म्हणतात) आज त्याच वाटेवर परिक्रमावासींना घरात घेतात, भाकरी आणि डाळ घालतात, स्वतः बाहेर झोपून पाहुण्याला आत जागा देतात. यातल्या कित्येकांची शेतं आणि घरं सरदार सरोवरात बुडाली आहेत. मणिबेलीसारखी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली गावं त्यात आहेत. ज्यांचं इतकं गेलं त्यांच्या दारात आपण जेवायला बसतो, हे भान ठेवून तिथे वागावं. ‘मामा लुटतात का हो?’ असं त्यांच्याच ओट्यावर बसून मोठ्याने विचारणारे लोक असतात, आणि ऐकणाऱ्याला मराठी-हिंदी कळतं.

वाटेचे ढोबळ दोन पर्याय. एक झाडीतून, बडवानीकडून डोंगरात शिरून धडगाव-मोलगी परिसरातून गुजरातेत उतरणारा. चढ-उतार खडे, दुकानं जवळजवळ नाहीत, फोनला रेंज नाही. दुसरा सडकेने, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा असा. तो सोपा आहे, पण नदीपासून फार लांब जातो.

गुडघे बरे असतील तर झाडीतूनच जावं असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन जणांच्या सोबतीने जा, मोठा घोळका नको. डोंगरातल्या घरी दोघांचं जेवण निघतं, पंधरा जणांचं काढायचं म्हणजे त्या घरचा महिन्याचा दाणा संपतो. जमेल तिथे निघण्याआधी मीठ, तेल, डाळ असं घरातल्या बाईच्या हाती द्या. मुलांना चॉकलेटं वाटत जाऊ नका. त्यामुळे मुलं शाळा सोडून वाटेवर बसायला लागतात, हे तिथले शिक्षकच सांगतात.

समुद्र कसा पार करायचा?

दक्षिण तटावर हांसोटच्या पुढे विमलेश्वर हे शेवटचं ठिकाण. तिथून नावेने उत्तर तटावर दहेजजवळच्या मिठी तलाईला जायचं. याला तट परिवर्तन म्हणतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते, ओहोटीला नाव चिखलात बसते. त्यामुळे नाव सुटते ती भरतीच्या वेळेने, आणि ती वेळ रोज पुढे सरकते. कधी पहाटे, कधी मध्यरात्री निघावं लागतं. विमलेश्वरला नाव नोंदवून वाट बघायची. गर्दी असेल तर एक-दोन दिवस जातात, हवा बिघडली तर अधिक.

प्रवासाला काही तास लागतात. नाव मासेमारीची, उघडी, हलणारी. पोटात फार काही घालून चढू नका, उलटीची गोळी आधी घ्या, मोबाइल आणि कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. जीवरक्षक जाकीट मागा आणि मिळालं की घाला, भरपूर माणसं भरलेली नाव असेल तर पुढच्या नावेची वाट बघा. मैया सांभाळते यावर माझी श्रद्धा आहे, आणि जाकीट घातल्याने ती कमी होत नाही.

बरोबर ठेवलेल्या बाटलीतलं नर्मदाजल इथे थोडं समुद्राला अर्पण करून तेवढं समुद्राचं पाणी त्यात घेतात.

राहायचं-जेवायचं कुठे?

आश्रम, धर्मशाळा, मंदिरं, शाळांचे व्हरांडे, लोकांची घरं. हॉटेलची गरज सहसा पडत नाही. काही आश्रमांत तयार भोजन असतं. काही ठिकाणी सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ देतात आणि रांधायचं आपण. सकाळी चहा-नाश्त्याला बालभोग म्हणतात.

या सगळ्यामागे कुठलीही मोठी यंत्रणा नाही, हे नीट समजून घ्या. एखादा म्हातारा बाबा, एखादं शेतकरी कुटुंब, गावाने वर्गणी काढून चालवलेलं अन्नक्षेत्र. गेल्या काही वर्षांत गर्दी खूप वाढली आहे आणि ओझं त्यांच्यावर येतं. म्हणून पोहोचल्यावर आधी विचारा, जागा आहे का. किती ‘मूर्ती’ म्हणजे माणसं आहेत ते लगेच सांगा, म्हणजे चुलीवर अंदाज बसतो. आसन म्हणजे अंथरूण सांगितलेल्या जागीच लावा. आपलं ताट आपण घासा, झाडू मारा, भाजी चिरायला बसा. गरम पाणी, बिनसाखरेचा चहा, वेगळी खोली या मागण्या करू नका. आजारी असाल तर सांगा, लोक जीव टाकतात. ‘काल तिथे जेवण याहून छान होतं’ हे वाक्य पूर्ण परिक्रमेत एकदाही तोंडातून निघू देऊ नका.

शौचाला नदीकाठ वापरू नका, काठापासून लांब जा आणि माती टाका. नदीत साबण नको, कपडे धुणंही नको. बादलीने पाणी काढून बाजूला धुवा. दिवे सोडायचेच असतील तर पानाच्या द्रोणात, प्लॅस्टिकमध्ये नाही.

परिक्रमेत पैसे किती लागतात?

फार नाही. नाव, औषधं, चपला, क्वचित बस-रिक्षा, आणि आश्रमांत जमेल ती दक्षिणा. परंपरेत परिक्रमावासीने पैसा साठवायचा नसतो, पण दुसऱ्याच्या अन्नावर चार महिने राहून दानपेटीकडे पाठ करायची असाही त्याचा अर्थ नाही. परवडत असेल तर द्या, धान्य किंवा लाकडाच्या रूपात दिलंत तर आणखी बरं. सुट्टे पैसे ठेवा, डोंगरात एटीएम नाही.

सामान काय घ्यावं?

पाठीवर सात-आठ किलोंपेक्षा जास्त नको, त्यात पाणीही आलं. दोन जोड कपडे, कांबळं किंवा हलकी स्लीपिंग बॅग, खाली अंथरायला प्लॅस्टिक, ताट-पेला, टॉर्च, काठी, दोरी, सुईदोरा, रोजची औषधं, मैयाच्या जलाची लहान बाटली. काठीची लाज वाटू देऊ नका. उतारावर ती गुडघे वाचवते आणि गावात शिरताना कुत्री लांब ठेवते.

चपला-बूट नवे घेऊन निघू नका. आधी महिनाभर वापरा, एक माप मोठे घ्या, कारण काही दिवसांत पाय सुजून रुंद होतात. तयारीला घरून रोज दहा-बारा किलोमीटर, पाठीवर तेवढंच वजन घेऊन चाला. सामान जास्त झालं हे पहिल्या आठवड्यातच कळतं. तेव्हा ते टपालाने घरी पाठवा, आश्रमात टाकून जाऊ नका.

कागदपत्रं कोणती?

आधार कार्ड, त्याच्या प्रती, दोन-चार फोटो. निघायच्या ठिकाणच्या नगर परिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं परिक्रमावासी असल्याचं पत्र घ्या. बरोबर एक वही ठेवा, मुक्कामाच्या ठिकाणी त्यात शिक्का आणि सही घेतात. पोलिसांनी विचारलं, नावेसाठी नोंद करायची झाली, तर हेच उपयोगी पडतं.

बाई एकटी जाऊ शकते का?

जाते, आणि अनेक जणी जातात. काठावर ‘माताजी’ म्हणून मान मिळतो. तरी झाडीत आणि निर्जन टप्प्यात सोबत असावी. सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा नियम सगळ्यांनाच आहे, तो बाईने कसोशीने पाळावा. मुक्कामाला जिथे घरातली बाईमाणसं आहेत ती जागा निवडा. एखादी जागा किंवा सहप्रवासी नकोसा वाटला तर कारण न देता पुढे जा.

पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे प्रत्येकीने स्वतः ठरवावं. काही जणी त्या दिवसांत एका जागी थांबतात, काही चालत राहतात आणि पूजेला हात लावत नाहीत. आश्रमांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. तिथल्या बाईंना सरळ सांगितलं की सोय होते.

वय साठ-पासष्ट आहे, मधुमेह आहे. जमेल?

अशी पुष्कळ माणसं चालतात, कधी तरुणांपेक्षा बरी. डॉक्टरांना दाखवून जा, गोळ्या मोठ्या शहरांत भरून घ्या. मधुमेहींनी पायाच्या फोडाकडे दुर्लक्ष करू नये. एक फोड चिघळला की परिक्रमा तिथेच थांबते. जेवणाच्या वेळा चुकतात, म्हणून खिशात गूळ-शेंगदाणे हवेत.

माझी तशी श्रद्धा नाही. नुसतं चालायला आलं तर चालेल का?

चालेल. कुणी परीक्षा घेत नाही. मात्र जे जेवण मिळतं ते तुम्हाला परिक्रमावासी समजून मिळतं, म्हणून नियम पाळा: नदी ओलांडू नका, दारू-मांस-तंबाखू नको, आरतीच्या वेळी मोबाइल बघत बसू नका. कन्यापूजन असेल तर जेवू घाला. खेड्यातल्या मुलींना पोटभर जेवण आणि मान मिळतो, त्याला श्रद्धेची अट लागत नाही.

एवढा वेळ नाही. काही छोटं करता येईल?

येतं. पहिला मार्ग उत्तरवाहिनी परिक्रमा. गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा या भागात नदी उत्तरेकडे वळते. चैत्रात तेवढ्या टप्प्याची वीस-एकवीस किलोमीटरची फेरी करतात आणि एका दिवसात होते. गर्दी प्रचंड असते, म्हणून रात्री किंवा पहाटे निघा. इथे दोन्ही टोकांना नदी ओलांडावी लागते आणि ते चालतं.

दुसरा मार्ग खंड परिक्रमा: दरवर्षी पंधरा-वीस दिवस, जिथे थांबलो तिथून पुढे. नोकरदार माणसासाठी हा मला सगळ्यांत चांगला वाटतो. नदी निरनिराळ्या ऋतूंत दिसते आणि काठावरच्या लोकांशी वर्षानुवर्षांची ओळख होते. गाडीनेही दोन-तीन आठवड्यांत परिक्रमा होते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ती आहेच.

शेवट कसा करायचा?

जिथून उचलली त्या घाटावर परत येऊन पूजा, कन्यापूजन, शिऱ्याची कढाई. ओंकारेश्वरहून निघालेले मग पूल ओलांडून ज्योतिर्लिंगावर जलाभिषेक करतात. परंपरेप्रमाणे परिक्रमा तेव्हा पूर्ण होते.

मधेच सोडावी लागली तर?

आजारपण, घरची अडचण, काहीही होऊ शकतं. त्याचं पाप वगैरे लागत नाही. ज्या गावात थांबलात तिथल्या आश्रमात वहीवर सही आणि तारीख घ्या, बाटलीतलं जल घरी देवाजवळ ठेवा. पुढे जमेल तेव्हा ते घेऊन त्याच गावात, त्याच तटावर उतरा आणि तिथून चालायला लागा. गावात शिरताना ‘नर्मदे हर’ म्हणा, मागच्या वेळी ज्यांनी जेवू घातलं होतं त्यांच्यापैकी कुणीतरी ओळखतंच.